उसावाचून उरलेले उसाचे गाव

स्पेन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्रानादा प्रांतात, ग्वादाल्फेओ नावाची एक लहानशी नदी भूमध्य समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी गाळाने बनलेला सपाट, हिरवा मुलूख आहे. तेथील लोक त्याला ‘वेगा’ म्हणतात. या वेगेच्या पश्चिम अंगास एका उंच खडकावर पांढऱ्या घरांचे सालोब्रेन्या हे गाव बसले असून माथ्यावर मुसलमानी अमदानीतील किल्ला आहे. तेथून समुद्राच्या काठाने पश्चिमेस थोडे चालत गेले की ला कालेता ही वाडी लागते, आणि तिच्या शेजारीच ला ग्वार्दिया. सरकारदप्तरी या दोन वाड्या एकच मानल्या जातात. प्रवाशाने मुद्दाम थांबावे असे येथे फारसे काही नाही. मात्र घरांच्या दाटीत एक भलेमोठे जुने कारखान्याचे आवार असून त्यात उंच धुराडे उभे आहे. ते कशाचे, हे मॉरिशसच्या माणसास सांगावे लागू नये. ज्या बेटावर गिरण्या मोडून गेल्या आणि धुराडी तेवढी उसाच्या फडांत उभी राहिली, तेथील माणसाची दृष्टी अशा ठिकाणी चुकत नाही.

हे धुराडे साखरेच्या कारखान्याचे आहे. १८६० च्या सुमारास आग्रेला घराण्याने तो उभारला व त्यास ‘नुएस्त्रा सेन्योरा देल रोसारिओ’ असे देवमातेचे नाव दिले. पुढे तो नदीच्या नावाने ‘ग्वादाल्फेओ’चा कारखाना म्हणूनही ओळखला जाऊ लागला. ला कालेता वाडी वाढली ती याच कारखान्याच्या आधाराने. २००६ सालच्या वसंत ऋतूत त्याने शेवटचा ऊस गाळला. त्या दिवसापासून युरोपच्या मुख्य भूमीवर उसाची साखर करणारा एकही कारखाना राहिला नाही. हजार वर्षांहून अधिक काळ या किनाऱ्यावर जे पीक, अधूनमधून खंड पडला तरी, होत आले होते, ते त्या वर्षी संपले.

ऊस या थंड देशात पोहोचला कसा, हा प्रश्न सहज मनात येईल. त्याचे उत्तर साखरेच्या नावातच आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली, अरबांच्या तोंडी ‘सुक्कर’ झाली आणि अरबीतील ‘अल्’ हा उपसर्ग अंगाला चिकटवून घेऊन स्पॅनिश भाषेत ‘आसूकार’ झाली. मराठीतील ‘साखर’ आणि मॉरिशसच्या क्रिओलमधील ‘दिसिक’ ही दोन्ही त्याच कुळातील. एक घरी राहिलेली बहीण, दुसरी फ्रेंचांच्या घरी नांदून आलेली. शब्द ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पीकही गेले. अरबांनी ते स्पेनमध्ये आणले, इ. स. ९६१ च्या सुमारास कोर्दोव्हा येथे रचलेल्या शेतीच्या पंचांगात उसाचा उल्लेख आहे, आणि बाराव्या शतकातील सेव्हिलचा कृषिशास्त्रज्ञ इब्न अल्-अव्वाम याने उसाच्या लागवडीची रीत लिहून ठेवली आहे.

ग्रानादाच्या किनाऱ्याला ऊस मानवला याचे श्रेय पर्वतास द्यावे लागेल. उत्तरेस सिएरा नेवादाची बर्फाच्छादित रांग आहे, तिचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,४८० मीटर उंच. ती उत्तरेचे थंड वारे अडविते आणि वितळत्या बर्फाचे पाणी नदीला देते. दक्षिणेस उबदार समुद्र. तेव्हा उसाचा फड तोडावा आणि मान वर करून पाहावे तर क्षितिजावर बर्फ, असे जगात इतरत्र क्वचितच दिसणारे दृश्य येथे दिसत असे. तरीही हिवाळ्यात कधीकधी कडक थंडी पडून पीक करपून जाई. विषुववृत्तापासून इतक्या दूर ऊस लावणे हा मुळातच थोडासा जुगार होता.

पाण्याची सारी व्यवस्था मुसलमानी काळातील. पाटाला तेथे आजही ‘आसेकिया’ म्हणतात, बंधाऱ्याला ‘आसूद’, साठवणीच्या तळ्याला ‘आल्बेर्का’. सारे शब्द अरबी. आपला ‘हौद’ही अरबीच, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांनी हे पाट खणले त्यांना मात्र तेथे राहू दिले गेले नाही. १४९२ साली ग्रानादाचे राज्य ख्रिस्ती राजांच्या हाती गेले. सक्तीने बाटविलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हणत. १५६८ साली त्यांनी आल्पुहाराच्या डोंगरात बंड केले, ते मोडल्यावर त्यांची ग्रानादाच्या मुलखातून हकालपट्टी झाली आणि त्यांच्या घरांत व शेतांत इतर प्रांतांतून आणलेली कुटुंबे बसविण्यात आली. दुसऱ्याने तयार केलेल्या जमिनीवर आणून बसविलेली ही माणसे दुसऱ्याच्याच पाटांतून पाणी घेऊ लागली आणि दुसऱ्याच्याच भाषेत त्या पाटांची नावे घेऊ लागली. पुढे १६०९ साली व्हॅलेन्सिया प्रांतातून मोरिस्कोंना हाकलण्याचा जो हुकूम निघाला, त्यात शंभरांतील सहा कुटुंबे मागे ठेवण्याची सवलत होती. कारण काय, तर घरे, साखरेचे घाणे, भाताची शेती आणि पाट यांची निगा राखणारे कोणीतरी हवे! माणूस नको, पण त्याचे कसब हवे, ही राज्यकर्त्यांची वृत्ती उसाच्या इतिहासात वारंवार भेटते.

उसाची पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत बेणे अटलांटिकपार नेले, तेथे आफ्रिकेतील गुलामांच्या घामावर साखर पिकू लागली, आणि त्या स्वस्त साखरेपुढे ग्रानादाचा किनारा फिका पडला. घाण्यांच्या भट्ट्यांनी आसपासच्या डोंगरांतील झाडोरा आधीच फस्त केला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या मोत्रिल गावाने ऊस सोडून कापूस धरला. त्या उजाड डोंगरांवरून वाहत आलेल्या गाळाने वेगा मात्र समुद्रात पुढे पुढे सरकत गेली. सालोब्रेन्याचा खडक पुरातन काळी जवळजवळ बेटच होता. आज त्याच्या पायथ्याशी शेते आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेच्या यंत्रांनी ऊस परत आणला. मोत्रिल, सालोब्रेन्या, आल्मुन्येकार अशा गावोगाव नवे कारखाने उभे राहिले. मॉरिशसमध्ये याच सुमारास मुंबई बंदरातून आलेले करारबद्ध मजूर नवनव्या फडांत उतरत होते. १८३४ साली सुरू झालेला तो ओघ ऐन भरात होता. दोन्ही ठिकाणी साखरेला एकच बाजार दिसत होता, आणि दोन्ही ठिकाणी तिच्यासाठी हात हवे होते.

ग्रानादाला ते हात डोंगरातून मिळाले. वेगेच्या मागे टेकड्यांत मोल्वीसार आणि इत्राबो ही दोन गावे आहेत. वेगेच्या कडेला लोब्रेस. डोंगरउतारावरच्या गावांचे पीक द्राक्षांचे आणि बदामांचे. १८७८ साली मालागा प्रांतात द्राक्षवेलींच्या मुळांना लागणारी फिलॉक्सेरा नावाची कीड आली व ती ग्रानादाकडे पसरत गेली. हे मळे वाळले तेव्हा डोंगरातल्या माणसाला वेगेतील तोडीवाचून दुसरा आधार उरला नाही. त्याहून वरच्या आल्पुहारातूनही टोळ्या उतरत.

या तोडीला तेथे ‘मोंदा’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ सोलणे. ऊस बुंध्याशी तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि खेचरांच्या पाठीवर लादून कारखान्याकडे पिटाळायच्या. मॉरिशसमधील हंगाम, ज्याला तेथे ‘कूप’ म्हणतात, जूननंतर सुरू होऊन वर्षअखेरीपर्यंत चालतो. तेथील मोंदा मार्चमध्ये लागे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. घाई मात्र दोन्हीकडे सारखीच, कारण तुटलेला ऊस थांबत नाही. रस आंबू लागला की साखर गेली. टोळीच्या मुकादमाला ‘मानिहेरो’ म्हणत. मॉरिशसच्या मळ्यावरील ‘सरदार’ तो हाच. माणसे कोणती घ्यायची हे त्याच्या हाती, म्हणून त्याची मर्जी राखणे हेही कामाचेच एक अंग. कारखानदार आणि जमीनदार पुष्कळदा एकच असल्यामुळे लहान शेतकऱ्यालाही भावाविषयी तोंड उघडायला फारशी जागा नसे. शेवटच्या दशकांत मजुरी वाचविण्यासाठी तोडीपूर्वी फड पेटवून पाचट जाळू लागले, तेव्हा काळी राख उडून सालोब्रेन्याच्या पांढऱ्या भिंतींवर येऊन बसे. ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर अशी राख कधी पडली आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

या साऱ्या हकिकतीतील जो भाग मॉरिशसच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे, तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा. हवाई बेटांतील मळेवाल्यांना त्या वेळी मजुरांची चणचण होती. चिनी आणि जपानी मजूर त्यांनी पूर्वीच आणले होते. आता त्यांना युरोपीय कुटुंबे हवी होती, पण उसाची माहिती असलेली. अशी माणसे स्पेनमध्ये कोठे मिळणार, तर ग्रानादा आणि मालागा यांच्या किनाऱ्यावर. दलाल गावोगाव फिरले. फुकट प्रवास, राहायला घर, मुलांना शाळा, आजाऱ्याला औषध असे सांगण्यात आले. १९०७ च्या मार्चमध्ये मालागा बंदरातून ‘हेलिओपोलिस’ हे जहाज दोन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुले घेऊन निघाले. १९१३ पर्यंत अशी सहा जहाजे गेली व सुमारे आठ हजार स्पॅनिश माणसे हवाईला पोहोचली. १९११ साली जिब्राल्टरहून गेलेल्या ‘ऑर्टेरिक’ जहाजावर गोवराची साथ उठली आणि अनेक लहान मुले वाटेतच समुद्रात सोडावी लागली.

दोन्ही प्रकार अगदी सारखे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मॉरिशसचा मजूर करार मोडला तर तुरुंगात जाई. हवाईत बंधनाचे मजुरी-करार १९०० पासून कायद्याने रद्द झालेले होते. त्यामुळे या स्पॅनिश कुटुंबांना पसंत पडेना तेव्हा ती उठून जाऊ शकली, आणि गेलीही. बहुतेकांनी काही वर्षांतच कॅलिफोर्नियाची वाट धरली व तेथे फळबागांत काम धरले. मळ्यावरून उठून जाण्याची मुभा असणे आणि नसणे, यात दोन पिढ्यांचे अंतर पडते. रत्नागिरीहून आलेल्या माणसाच्या नातवाला जे मिळवायला आयुष्य खर्ची घालावे लागले ते या आंदालुसी मजुराच्या पदरात पहिल्याच दिवशी होते. तथापि दलालाची गोड भाषा, जहाजाच्या पोटातील दाटी, आणि बंदरावर मागे राहिलेली म्हातारी माणसे, यांत फारसा भेद नव्हता.

स्पेनमध्ये राहिलेल्यांचे काय झाले? १८९८ साली स्पेनने क्यूबा गमावला, तेव्हा उसाला बरे दिवस येतील अशी काहींना आशा वाटली. परंतु त्याआधीच, १८८२ साली, ग्रानादा शहराजवळच्या वेगेत बीटपासून साखर काढण्यास सुरुवात झाली होती, आणि थंड प्रदेशात सुखाने वाढणाऱ्या त्या कंदाने देशभरात उसाला मागे टाकले. कारखाने एकेक करून बंद पडत गेले. मोत्रिलचा ‘पिलार’ हा मोठा कारखाना १९८४ साली थांबला. आज त्याच्या वास्तूत साखरेचे संग्रहालय आहे. १९६० च्या दशकात तरुण मंडळी बार्सिलोनाकडे आणि जर्मनीकडे निघून गेली होती, मागे राहिलेल्यांना किनाऱ्यावरच्या हॉटेलांत व इमारतींच्या बांधकामांवर अधिक पैसे मिळत. तोडीला माणूस मिळेनासा झाला. ला कालेताचा कारखाना तेवढा धुगधुगी धरून राहिला.

२००६ या वर्षाचा येथे थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात युरोपीय संघाने ठरविले की साखरेचा हमी भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवायचा. मॉरिशसमध्ये हा आकडा विसरणे शक्य नाही. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपला ठरीव भावाने साखर विकण्याचा जो हक्क काही देशांना मिळाला होता, त्यात मॉरिशसचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि तोच भाव आता कापला गेला. २००९ साली ती व्यवस्थाच संपुष्टात आली. गिरण्या बंद झाल्या, मजुरांना भरपाई व जमिनीचे तुकडे देऊन घरी पाठविण्यात आले. ब्रुसेल्सच्या एकाच सभागृहातून निघालेला एकच कागद मोरे-पवारांच्या घरीही पोहोचला आणि ला कालेताच्या वाडीतही. ला कालेताचा कारखाना केवळ त्या कागदाने बंद पडला असे मात्र म्हणता येत नाही. त्याची शक्ती फार पूर्वीच सरली होती. कागदाने फक्त वाट पाहण्याचे कारण उरू दिले नाही.

ऊस गेल्याबद्दल तेथे फार अश्रू ढाळले गेले असतील असे मानण्याचे कारण नाही. मोंदा करून ज्याची पाठ मोडली तो आपल्या मुलासाठी मोंदा मागत नाही. पण कारखान्याबरोबर काही कामे अशी गेली की ती कोणत्याही पुस्तकात नीट उतरलेली नाहीत. रस काहिलीत कधी पुरेसा आटला हे नजरेने ओळखणे, खोडवा किती वर्षे ठेवावा आणि केव्हा मोडून नवे बेणे लावावे हे ठरविणे, असल्या गोष्टी हाताकडून हाताकडे जातात. मधला एक हात सुटला की त्या संपतात. संग्रहालयात यंत्र ठेवता येते, ते चालविणाऱ्याचा अंदाज ठेवता येत नाही.

जिभेवर मात्र ऊस उरला आहे. साखर करण्याऐवजी उसाचा रस नुसता दाट होईतो आटवून जे करतात त्याला तेथे ‘उसाचा मध’ म्हणतात. हा मध म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली काकवीच. किनाऱ्याने पश्चिमेस मालागा प्रांतात फ्रिहिलियाना नावाचे गाव आहे, तेथील जुना घाणा या काकवीसाठी आजही प्रसिद्ध आहे. वांग्याचे काप पिठात घोळवून तळतात आणि गरमागरम असतानाच त्यांवर काकवीची धार धरतात. वांगे हिंदुस्थानचे, ऊसही मूळचा पूर्वेकडचा. दोघांची गाठ इतक्या दूर एका ताटात पडावी हे एक आश्चर्यच. मराठी गृहिणीने करून पाहण्याजोगा हा पदार्थ आहे. मोत्रिलमध्ये १९६३ साली सुरू झालेली रमची भट्टीही टिकून आहे.

आणि जमीन? ती पडीत राहिलेली नाही. काही भागावर घरे व हॉटेले उठली, पण पुष्कळशा वेगेत व टेकड्यांच्या उतारांवर आता आव्होकाडो, आंबा आणि चिरिमोया ही फळझाडे आहेत; म्हणूनच या पट्ट्याला ‘उष्णकटिबंधीय किनारा’ असे नाव पडले. उताराच्या बागांना वेगेइतके सहज पाणी मिळत नाही. ग्वादाल्फेओवर रूलेस येथे या शतकाच्या आरंभी मोठे धरण पुरे झाले, पण त्यातून शेतांकडे जाणारे नळ वर्षानुवर्षे रखडले आणि शेतकऱ्यांनी त्यासाठी पुन्हा पुन्हा गाऱ्हाणी घातली.

चिरिमोया म्हणजे सीताफळाचा सख्खा भाऊ. मॉरिशसमध्ये ‘झात’ म्हणतात त्याच कुळातील, फक्त साल गुळगुळीत आणि गर अधिक मऊ. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतील आँदेस पर्वताकडील. स्पेनने अमेरिकेला ऊस दिला, अमेरिकेने हे फळ धाडले. त्याची एक खोड आहे. त्याचे फूल आधी मादी म्हणून उमलते आणि पुढे नर होते, त्यामुळे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. आणि मायदेशी जे किडे ही मध्यस्थी करतात ते येथे पुरेसे नाहीत. म्हणून उन्हाळ्यात शेतकरी दुपारनंतर नर अवस्थेतील फुलांचा पराग डबीत गोळा करतो आणि मग लहानशा कुंचल्याने किंवा फुंकणीने तो एकेका मादी फुलात घालतो. झाडामागून झाड, फुलामागून फूल. फळ सुबक हवे तर यावाचून गत्यंतर नाही. ज्या वेगेत माणसे कोयत्याने पेरे मोजीत पुढे सरकत, तेथे आता त्यांची नातवंडे कुंचला हाती घेऊन फुले मोजतात.

आंबा त्यामानाने कमी लाडका. बहुतेक बागांत फ्लोरिडाकडून आलेली ‘ऑस्टिन’ ही जात आहे. हापूसची चव चाखलेल्याने तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो. त्या वेळी मॉरिशसमध्ये उसाची तोड जोरात चालू असते, आणि कोकणातील कलमांना अजून मोहोरही आलेला नसतो.